आधी मुक्काम ठरवा, मग बूट घ्या : कोल्हापूरहून अन्नपूर्णा बेस कॅम्प

दरवर्षी जुलैत पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंती करून आलेली मंडळी चिखलाचे बूट वाळत घालतानाच ‘आता एकदा हिमालय’ म्हणायला लागतात. मग ग्रुप निघतो, त्याला नाव पडतं, जॅकेटांच्या आणि बुटांच्या लिंका फिरायला लागतात. दिवाळीच्या तोंडावर कळतं की कुणाला आठ दिवसांचीच रजा आहे आणि कुणाला सहाच. तिथं बेत मोडतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे तो आठ दिवसांत कोंबला जातो. उंचावरच्या ट्रेकमध्ये निम्म्याहून अधिक भानगडी या कोंबण्यातूनच होतात. म्हणून या लेखाचा क्रम उलटा आहे : आधी रात्रीचे मुक्काम, मग रजा, मग कागद आणि पैसे. सामान सगळ्यात शेवटी.

ज्यांनी तंबूतले ट्रेक केलेत किंवा फक्त सह्याद्रीच पाहिलाय, त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं की टी-हाऊस ट्रेकमध्ये तंबू, शिधा, भांडी काहीच न्यायचं नसतं. दोन-तीन तासांच्या अंतरावर वस्त्या असतात, तिथं घरगुती लॉज असतात. संध्याकाळी खोली आणि गरम जेवण मिळतं. सकाळी नाष्टा करून पुढं चालायचं. नेपाळमध्ये ही व्यवस्था इतकी मुरलेली आहे की सॅक आठ-नऊ किलोच्या वर जायचं कारण नाही.

कुठला ट्रेक?

पहिल्या वेळी एव्हरेस्ट बेस कॅम्प डोक्यातून काढा. ५३६४ मीटर उंची, बारा-तेरा दिवस चाल, आणि त्यात भर म्हणजे चाल जिथून सुरू होते त्या लुक्लाचं विमान. हवा बिघडली की ते दोन-दोन दिवस उडत नाही. नाव मोठं आहे, पण आपल्यासारख्या रजेच्या गणितावर जगणाऱ्या माणसाला ते पहिल्या फेरीत परवडत नाही.

रजा फारच कमी असेल तर घोडेपानी-पूनहिल करा. पूनहिल ३२१० मीटर, चालीचे चार दिवस, आणि धौलागिरी-अन्नपूर्णेच्या रांगांवरचा सूर्योदय. देशाबाहेर जायचंच नसेल तर दार्जिलिंगजवळचा संदकफू आहे, ३६३६ मीटर. तिथंही वाटेत राहायची सोय आहे. फक्त सिंगालीला राष्ट्रीय उद्यान १६ जून ते १५ सप्टेंबर बंद असतं, आणि संदकफूपर्यंत जीप जाते, त्यामुळं चालताना मधूनमधून धूळ खावी लागते.

पण माझं मत विचाराल तर पहिल्या मोठ्या ट्रेकसाठी अन्नपूर्णा बेस कॅम्प, म्हणजेच एबीसी. उंची ४१३० मीटर, म्हणजे विरळ हवा म्हणजे काय ते कळण्याइतकी. वाटेवर लॉज भरपूर, आणि अडचण आली तर त्याच दरीतून पटकन खाली येता येतं. कुठलीही खिंड ओलांडायची नाही हा यातला मोठा फायदा. खिंडीच्या ट्रेकमध्ये मागं फिरायचं की पुढं जायचं हा प्रश्न नको त्या वेळी उभा राहतो. पुढचं सगळं या ट्रेकबद्दल आहे. दुसरा निवडलात तरी पद्धत तीच.

मुक्कामांचा कागद

एक वही घ्या आणि फक्त दोन रकाने आखा : रात्र कुठं, आणि त्या जागेची उंची किती. किती किलोमीटर चालायचं ते नंतर बघू. हिमालयात किलोमीटर फारसं काही सांगत नाहीत.

आपली सुरुवात कुठून होते ते आधी बघा. कोल्हापूर शहर साधारण साडेपाचशे मीटरवर. पन्हाळा हजार मीटरच्या आत. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, तेही १६४६ मीटर. या ट्रेकचा पहिलाच मुक्काम घांद्रुकला, सुमारे २००० मीटरवर. म्हणजे पहिल्या रात्रीच तुम्ही कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच झोपणार. सह्याद्री कितीही पालथा घातला असला तरी या उंचीची सवय शरीराला नसते. ती इथं बसून लावताही येत नाही.

नियम साधा आहे. ३००० मीटरच्या वर गेल्यावर आजची झोपायची जागा कालच्या जागेपेक्षा ५०० मीटरहून जास्त वर नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढायची. दिवसा कितीही वर जाऊन या, हिशेब झोपायच्या उंचीचा धरायचा.

हा नियम लावून कागद असा भरतो. पोखरा या नेपाळमधल्या शहरातून जीपनं आणि थोडं चालून घांद्रुक, २०००. दुसरी रात्र छोम्रोंग, २१७०. तिसरी दोभान, २६००. चौथी देउराली, ३२३०. पाचवी माछापुच्छ्रे बेस कॅम्प, ३७००. सहाव्या दिवशी पहाटे अंधारात निघून दोनेक तासांत अन्नपूर्णा बेस कॅम्प, तिथं उजाडलेलं बघायचं, पोटभर खायचं आणि उतरत दोभान किंवा बांबूला यायचं. सातवी रात्र झिनु, आठव्या दिवशी पोखरा.

आता यात बोट कुठं ठेवायचं ते बघा. दोभान ते देउराली ही उडी सहाशेच्या पुढं जाते. ज्यांना उंचीचा काहीच अनुभव नाही त्यांनी मध्ये ‘हिमालय’ नावाच्या वस्तीवर (२९२०) एक रात्र काढावी. ट्रेक नऊ दिवसांचा होईल. तो एक दिवस मी तरी कधी वायफळ म्हणणार नाही.

आणि जाहिरातीतले ‘पाच दिवसांत एबीसी’ असे बेत याच कागदावर मांडून बघा. त्यातले बरेच देउरालीहून थेट बेस कॅम्पला मुक्कामाला नेतात. ३२३० वरून ४१३०, एका रात्रीत ९०० मीटर. बहुतेकांना काही होत नाही. म्हणूनच ते बेत चालू राहतात. ज्याला होतं, त्याच्यासाठी ती रात्र फार लांबते. कुठल्याही आयोजकाला पहिला प्रश्न किमतीचा नको, ‘कुठल्या रात्री किती उंचीवर झोपवणार?’ हा विचारा. पटकन उत्तर आलं नाही तर दुसरा आयोजक बघा.

उंचीचा त्रास

बेस कॅम्पला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास साठ टक्के असतो. हवेतलं प्राणवायूचं प्रमाण बदलत नाही, दाब कमी असल्यामुळं एका श्वासात येणारा प्राणवायू कमी पडतो. शरीर जुळवून घेतं, पण त्याला रात्री लागतात. तब्येत किती कमावली आहे याचा इथं फारसा संबंध नाही. तालमीत घुमणारा गडी देउरालीत डोकं धरून बसतो आणि पन्नाशीतल्या काकू शांतपणे लसणाचं सूप पीत बसलेल्या असतात, हे अगदी नेहमीचं दृश्य आहे. उलट तगड्या पोरांनाच धोका जास्त, कारण ती भरभर चढतात आणि दुखतंय हे सांगत नाहीत.

डोकेदुखी, आणि तिच्यासोबत मळमळ, भूक मरणं, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळा थकवा : २५०० मीटरच्या वर हे जुळून आलं की ते उंचीमुळंच आहे असं समजायचं. ‘पित्त झालंय’, ‘ऊन लागलं’, ‘काल झोप नाही झाली’ ही कारणं आपण फार लवकर शोधतो. त्या दिवशी वर जायचं नाही, तिथंच थांबायचं, पाणी प्यायचं. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तर पुढं. वाढलं तर खाली.

दोन गोष्टींना मात्र सकाळची वाट बघायची नाही. बसल्या जागी धाप लागणं, सतत खोकला, ओठ निळसर पडणं हे फुफ्फुसात पाणी भरत असल्याचं लक्षण. तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, विचित्र वागणं हे मेंदूला सूज येत असल्याचं. शंका आली तर त्या माणसाला जमिनीवर सरळ रेषेत, एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला टेकवत दहा पावलं चालायला लावा. डोलत असेल, बाजूला पाय टाकत असेल, तर रात्र असो की पाऊस, त्याला घेऊन खाली निघायचं. एकट्याला कधीच धाडायचं नाही. पाचशे ते हजार मीटर उतरल्यावर बहुधा फरक पडतो.

अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, याबद्दल ग्रुपवर बरीच वैद्यकी चालते. प्रतिबंधासाठी प्रौढांना साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून, असं दिलं जातं. पण सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना, किडनीचा त्रास असलेल्यांना ते चालेलच असं नाही. म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, घाबरू नका. आणि गोळी घेतली म्हणून कागदावरचा मुक्काम पुढं ढकलायचा नाही. बीपी, शुगर, हृदयाचा इतिहास असेल तर तिकीट काढायच्या आधी तपासणी. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर पूर्ण बंद. खाली आल्यावर काय करायचं ते करा.

कधी जायचं

मार्च ते मेचा मध्य, किंवा सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. वसंतात खालच्या जंगलात लालीगुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला असतो, मात्र दुपारी ढग येतात. शरदात आकाश स्वच्छ असतं आणि गर्दी जबरदस्त. पावसाळ्यात जळवा आणि दरडी.

कोल्हापूरकराला दिवाळीची सुट्टी सोयीची, पण दोन अडचणी आधीच ध्यानात घ्या. आपला दसरा म्हणजे नेपाळचं दशैं. त्या आठवड्यात अख्खा देश आपापल्या गावी निघालेला असतो. बसमध्ये जागा नसते, पोर्टर मिळायला त्रास होतो. आणि दिवाळीच्या आधी पुणे-मुंबईहून गोरखपूरला जाणाऱ्या गाड्या छठपूजेला घरी निघालेल्या माणसांनी खचाखच भरतात. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. त्या दिवशी सकाळी आठला बसला नाहीत तर विसरा. जमत असेल तर दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जा. थंडी थोडी जास्त असते, पण लॉजमध्ये खोली मिळते.

ऑक्टोबरची अजून एक गोष्ट. बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळं हिमालयापर्यंत पोचू शकतात. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये हुडहुड वादळाच्या उरलेल्या ढगांनी अन्नपूर्णा परिसरात अचानक प्रचंड बर्फ टाकलं आणि थोरांग ला खिंडीच्या परिसरात चाळीसहून अधिक माणसं गेली. म्हणून विशाखापट्टणमच्या किनाऱ्याकडच्या वादळाच्या बातम्याही या ट्रेकशी संबंधित असतात. उपसागरात वादळ उठलं असेल तर दोन दिवस खालच्याच वस्तीत थांबा. जास्तीचा दिवस यासाठीही लागतो.

डिसेंबरअखेर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत देउराली ते माछापुच्छ्रे बेस कॅम्प या टप्प्यावर हिमकडे कोसळतात. १७ जानेवारी २०२० ला देउरालीजवळ कोरियाचे चार ट्रेकर आणि तीन नेपाळी गाईड अशाच कड्याखाली गेले. या टप्प्यावर कुठल्याही ऋतूत सकाळी लवकर चालायचं, फोटोसाठी रेंगाळायचं नाही, आणि लॉजवाले ‘आज नको’ म्हणाले की वाद घालायचा नाही.

रजा आणि वाट

ट्रेकचे आठ-नऊ दिवस झाले. आता पोचायचं.

स्वस्त मार्ग : कोल्हापूरहून पुणे, तिथून गोरखपूरची गाडी, सव्वा-दीड दिवसाचा प्रवास. गोरखपूरहून बसनं किंवा जीपनं सुनौली. सीमा चालत ओलांडायची, पलीकडं भैरहवा, आणि तिथून पोखऱ्याची बस. घाटाचा रस्ता आहे, अख्खा दिवस जातो. एका बाजूला साडेतीन दिवस धरा. दुसरा मार्ग : मुंबई किंवा दिल्लीहून विमानानं काठमांडू, आणि दुसऱ्या दिवशी बसनं किंवा छोट्या विमानानं पोखरा. यात दोन दिवस. एक जास्तीचा दिवस धरला तर विमानानं तेरा-चौदा दिवस, रेल्वेनं सोळा-सतरा. एवढी रजा नसेल तर पूनहिल करा. अन्नपूर्णेचे दिवस कापू नका.

कागदपत्रांचं सोपं आहे, पण एकच गोष्ट लोकांना विमानतळावर अडवते. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. मात्र विमानानं जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. आधार चालत नाही, अपवाद फक्त १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्यांना. मतदार कार्डावरचं नाव तिकिटावरच्या नावाशी जुळतंय का ते आजच बघा.

अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्राचा परवाना सार्क देशांच्या नागरिकांना १००० नेपाळी रुपये आहे, इतर परदेशीयांना ३०००. म्हणजे भारतीय असल्याचा पुरावा दाखवा आणि सवलत मागून घ्या. त्याशिवाय टिम्स नावाचं ट्रेकर कार्ड असतं. पासपोर्ट आकाराचे फोटो चार-सहा ठेवा. १ एप्रिल २०२३ पासून नेपाळ पर्यटन मंडळानं परदेशी ट्रेकरना परवानाधारक गाईड सक्तीचा केला आहे. काही वाटांवर ते कडक बघतात, काहींवर कानाडोळा करतात. नवख्या माणसानं या वादात पडू नये, गाईड घ्यावाच.

गाईड आणि पोर्टर

गाईड वाट दाखवण्यापुरता नसतो. वाट तर दगडी पायऱ्यांची आहे, चुकायची म्हटली तरी चुकत नाही. तो पुढच्या लॉजला फोन करून खोली धरतो. देउराली आणि त्याच्या वर लॉज मोजकेच आहेत, आणि गर्दीत उशिरा पोचलेल्यांना जेवणघरातल्या बाकावर झोपावं लागतं. शिवाय तुमचा चेहरा बघून ‘आज इथंच थांबू’ म्हणणारं कुणीतरी तटस्थ हवं. मित्र म्हणत नाहीत, त्यांनाही वरच जायचं असतं.

दोघांत एक पोर्टर पुरतो. ओझं वीस किलोच्या आत ठेवा आणि निघायच्या आधी समोर वजन करा. त्याचा विमा आहे का, त्याच्याकडं गरम जॅकेट आणि धड बूट आहेत का, हे बुकिंग करतानाच विचारा. स्वस्तात पडलेल्या पॅकेजमध्ये बऱ्याचदा इथंच पैसे वाचवलेले असतात. त्यांना ‘दाइ’ म्हणा, लॉजच्या मालकिणीला ‘दिदी’. हिंदी सगळीकडं चालतं. तरीही ‘ए भय्या’ अशी हाक मारणारी आपली माणसं बघून लाज वाटते.

विम्याबद्दल थोडक्यात : प्रवास विम्यात किती मीटरपर्यंतचा ट्रेक धरलाय ते बारीक अक्षरात असतं. किमान ४५०० मीटर आणि हेलिकॉप्टरनं सुटका, दोन्ही लेखी असलं पाहिजे. खोट्या सुटकेचे विमे उकळण्याचे प्रकार २०१८ मध्ये नेपाळ सरकारच्या चौकशीत उघड झाले होते. तेव्हा साध्या डोकेदुखीला कुणी हेलिकॉप्टर बोलवायला लागलं तर आधी विमा कंपनीला फोन करा. आणि खरंच गंभीर असेल तर पैशाचा विचार करू नका.

पायांची तयारी

तीन महिने पुरतात. रंकाळ्याच्या फेऱ्या दम वाढवायला ठीक, पण त्या सपाट आहेत आणि हा ट्रेक पायऱ्यांचा आहे. छोम्रोंगहून शेकडो पायऱ्या उतरून नदीपर्यंत जायचं आणि समोर सिनुवाला तेवढंच चढायचं. परतताना दमलेल्या पायांनी हेच उलट करावं लागतं. बेस कॅम्प विसरतील, पण छोम्रोंगची ती परतीची चढण कुणी विसरत नाही.

म्हणून आठवड्यातून दोनदा पायऱ्या. रविवारी पायथ्यापासून जोतिबा किंवा पन्हाळा, पाठीवर सहा-सात किलो घेऊन. पाण्याच्या बाटल्या भरून घ्या, वर ओतून टाका. उतरण्याचा सराव जास्त महत्त्वाचा, गुडघे उतरतानाच बोलतात. पन्हाळा-पावनखिंड ही चांगली परीक्षा आहे : सलग दोन दिवस, पन्नासेक किलोमीटर, चिखल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखऱ्या पायांनी पुन्हा उठून चालणं. ते दुसऱ्या दिवसाचं उठणं जमलं तर पायांची काळजी नको. मात्र तिथला वेग वर न्यायचा नाही. चालता चालता शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, तोच तुमचा वेग.

लॉजमधली संध्याकाळ

सकाळी सातला निघून दुपारी दोनच्या आत पोचायचं. नंतर ढग येतात, कधी गारा. पोचल्याबरोबर घामाचे कपडे बदला, अंग गार पडायच्या आत.

खोली म्हणजे प्लायवूडच्या भिंती, दोन-तीन खाटा, एक दिवा. शेजारच्याचं घोरणं स्पष्ट ऐकू येतं. शौचालय सामाईक, वरच्या वस्त्यांत पहाटे बादलीतल्या पाण्यावर बर्फाची पापडी. खोलीचं भाडं कमी असतं, कारण रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाष्टा तुम्ही तिथंच घ्याल हे गृहीत असतं. सोबतच्या मॅगीवर रात्र काढणं तिथं फार वाईट दिसतं. गरम पाण्याची अंघोळ, मोबाईल चार्जिंग, वायफाय यांचे पैसे वेगळे.

जेवणघरात एक वही फिरते. त्यात खोलीचा नंबर आणि काय हवं ते संध्याकाळी पाचच्या सुमाराला लिहायचं, उद्याचा नाष्टाही आणि तो किती वाजता हवा तेही. दहा जणांनी दहा पदार्थ लिहिले की स्वयंपाकघर कोलमडतं, कारण आत एक दिदी आणि दोन शेगड्या असतात. सगळ्यांनी डाळभातच लिहावा. भात, डाळ, भाजी पोट भरेपर्यंत पुन्हा वाढतात, ताजं असतं, आणि दुसऱ्या कशालाही एवढी वाढ नाही. वरच्या लॉजमध्ये लांब टेबलाला चारी बाजूंनी घोंगड्या लावलेल्या असतात. खाली शेगडी ठेवतात, तिचे माणशी पैसे घेतात. पाय आत घालून घोंगडी मांडीवर ओढली की उठावंसं वाटत नाही. वर तारेवर सगळ्या देशांचे पायमोजे वाळत असतात. त्या वासाची सवय होते.

आता कोल्हापूरकरांसाठी कटू बातमी. छोम्रोंग-सिनुवाच्या पुढं मांस चालत नाही. तो भाग स्थानिक लोक पवित्र मानतात, माछापुच्छ्रेवर तर चढाईलाच बंदी आहे. मटणाशिवाय पाच-सहा दिवस काढायचे आहेत, मनाची तयारी इथूनच करून जा. तांबड्या रश्श्याची हौस जाताना किंवा येताना पोखऱ्यात भागेल असं समजू नका, तिथं तो मिळत नाही. कांदा-लसूण चटणीची छोटी डबी आणि शेंगदाण्याची चटणी मात्र जरूर न्या. चौथ्या दिवशीच्या डाळभाताला ती डबी काढली की टेबलावरचे परदेशीही हात पुढं करतात. गूळ आणि दाण्याचे लाडू सॅकच्या वरच्या कप्प्यात. वर भूक मरते, तेव्हा ओळखीची चव घशाखाली उतरते.

पाणी दिवसाला तीन-चार लिटर. प्लास्टिकची बाटली विकत घ्यायची नाही, लॉजमध्ये उकळलेलं मिळतं. सोबत क्लोरीनच्या गोळ्या. रात्री गरम पाण्याची बाटली पायमोज्यात घालून पांघरुणात घ्या, सकाळी तेच पाणी प्या.

वाटेत खेचरांचा तांडा आला की डोंगराच्या बाजूला सरकून उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. झुलत्या पुलावर खेचरं असतील तर ती उतरेपर्यंत थांबा.

पैसे आणि सामान

आपले १०० रुपये म्हणजे १६० नेपाळी, हा दर ठरलेला आहे. भारतीय मोठ्या नोटांबाबतचे नियम बदलत आले आहेत, म्हणून निघायच्या आठवड्यात ते बघा आणि शंभराच्या नोटा जवळ ठेवा. पोखऱ्याच्या दुकानांत २०२४ पासून यूपीआय चालायला लागलंय, पण डोंगरात रोखच. घांद्रुकच्या पुढं एटीएमची आशा नको. खाण्या-राहण्याला माणशी दिवसाला साडेतीन-चार हजार नेपाळी रुपये धरा. खाली जो डाळभात पाच-सहाशेला मिळतो, तो वर हजाराच्या घरात जातो. महाग वाटला तर तो तांदूळ कुणाच्या पाठीवरून आलाय तेवढं आठवा आणि घासाघीस करू नका. गाईड-पोर्टरची मजुरी आणि शेवटचं बक्षीस वेगळं.

सामानात पैसे फक्त बुटांवर घाला. घोटा झाकणारे, बोटांपुढं अर्धा इंच जागा असलेले. निघायच्या आधी दोन महिने पायात रुळलेले. जाड जॅकेट आणि स्लीपिंग बॅग विकत घेऊ नका, पोखऱ्यात लेकसाईडला भाड्यानं मिळतात. बाकी : घाम लवकर वाळणारे दोन टी-शर्ट (सुती नको, ओलं राहतं), एक फ्लीस, थर्मलचा एक जोड, पोंचो, कानटोपी, हातमोजे, लोकरीचे तीन जोड पायमोजे, उन्हाचा चष्मा, दोन काठ्या, हेडटॉर्च, पॉवरबँक. रात्री पॉवरबँक आणि मोबाईल पांघरुणात घेऊन झोपा, थंडीत बॅटरी झपाट्यानं उतरते. फोडांसाठी चिकटपट्टी, ओआरएस, पॅरासिटामॉल. सॅनिटरी पॅड वर मिळतील या भरवशावर राहू नका, आणि वापरलेले खाली आणायला घट्ट बंद होणारी पिशवी ठेवा. सिमकार्ड नेपाळ टेलिकॉमचं, वर तेच त्यातल्या त्यात लागतं.

परतीला झिनुचं गरम पाण्याचं कुंड चुकवू नका. वस्तीपासून खाली उतरून जावं लागतं, म्हणून दुपारीच जा. पोखऱ्यात भाड्याचं जॅकेट परत करताना डिपॉझिटची पावती लागते, ती सॅकच्या तळाशी न ठेवता मतदार कार्डासोबत ठेवा. आणि उरलेल्या नेपाळी नोटा भैरहवा-सुनौलीतच बदलून टाका. कोल्हापुरात त्या कुणी घेत नाही.